मदतीचा माल आणि मदतीची वाहतूक

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला तेव्हा मी सोलापुरात होटगी रोडवरच्या एका गोदामात मदतीचा माल उतरवून घेत होतो. एका संध्याकाळी एका मोठ्या कंपनीचा ट्रक आला. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, एवढंच होतं, "पूरग्रस्तांसाठी साहित्य, ६०० खोकी." कुठल्या खोक्यात काय आहे, याची यादीच नव्हती. बिस्किटं, साबण, जुने कपडे, औषधाच्या पट्ट्या, सगळं एकत्र कोंबलेलं. ते निवडायला आम्हा आठ जणांना दोन दिवस लागले.

त्याच दोन दिवसांत माढ्याकडचा एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. "दादा, चादरी मिळाल्या. म्हशीला काय घालू?" चारा द्यायला बार्शीकडची माणसं तयार होती. तो उचलून सीनाकाठी नेणारा टेम्पो मात्र मिळत नव्हता.

माल देणं आणि माल हलवणं, या दोन्हींना आपण 'कंपनीची मदत' म्हणतो. पण कामं अगदी वेगळी आहेत. माल दिला की देणाऱ्याचं काम संपतं आणि घेणाऱ्याचं सुरू होतं. उतरवणं, निवडणं, कोरड्या जागी थप्पी लावणं, गावानुसार वाटणं, हे सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर. वाहतुकीची मदत हेच ओझं उचलते. ट्रक, चालक, गोदामातली जागा, यादी ठेवणारा माणूस, कुठला रस्ता बंद आहे हे सांगणारा फोन, हे सगळं त्यात आलं. ही मदत फोटोत दिसत नाही, म्हणून ती मागायला आपल्याला सुचत नाही आणि द्यायला त्यांना.

बिनयादीचा माल किती महागात पडतो, याचं जुनं उदाहरण आर्मेनियाचं. १९८८ च्या भूकंपानंतर तिथे सुमारे ५००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडलं. ते निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले आणि सहज ओळखता येतील अशी औषधं जेमतेम ३० टक्के निघाली. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले. पोहोचताना औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी, हा त्यातला एक. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते.

वाहतुकीच्या मदतीची वाटही त्याच त्सुनामीनंतर रुळली. एजिलिटी, यूपीएस, मर्स्क यांसारख्या वाहतूक कंपन्या एकत्र येऊन संकटकाळी आपली माणसं, गोदामं आणि वाहनं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीला देऊ लागल्या. डीएचएल या कुरिअर कंपनीची पथकं विमानतळावर साचलेला मदतीचा माल उतरवून, लावून, पुढे धाडायला मदत करतात. देणगी म्हणून या कंपन्या आपलं रोजचं कसब देतात. मला ही मदत जास्त मोलाची वाटते.

मग आपल्याकडे मालच का येतो? थोडं कारण हिशेबात आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा, उलाढाल किंवा निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. आपत्ती व्यवस्थापन अशा कामांच्या कायद्यातल्या यादीत स्पष्टपणे आलं २०१९ मध्ये. पण स्वतःचा ट्रक किंवा स्वतःचा माल देऊन, त्याची किंमत लावून तो सीएसआर खर्च दाखवता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. पैसे प्रत्यक्ष खर्चच व्हावे लागतात. त्यामुळे खरेदीचं बिल सोपं वाटतं. पण हुंडेकऱ्याला, म्हणजे मालवाहतूक करणाऱ्याला, दिलेलं भाडं आणि हमालांची मजुरी हासुद्धा मदतकार्यावरचा प्रत्यक्ष खर्चच आहे, हे कंपन्यांनी लक्षात घ्यावं.

माल नकोच, असं मी म्हणत नाही. ताडपत्री, पिण्याचं पाणी, पशुखाद्य पहिल्या आठवड्यात लागतंच. पण चादर आणि टॉवेल लांबून सोलापूरला पाठवू नयेत. ते इथेच विणले जातात. इथल्याच कारखानदाराकडून घेतले तर वाहतूक वाचते आणि मागावरच्या कामगाराला काम मिळतं.

आता कंपनीचा फोन आला की मी आधी विचारतो, "साहेब, माल कशात येतोय? यादी आहे का? आणि रिकामा झालेला ट्रक चार दिवस आमच्याकडे ठेवाल का?" पुरानंतर एका कंपनीने शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं. तो ट्रक पहाटे बार्शीला जायचा, कडबा भरायचा आणि दुपारपर्यंत मोहोळच्या बाजूला उतरवायचा. दिवसाला दोन, अशा चार दिवसांत आठ खेपा झाल्या.