खुलासा : सोव्हिएत शेतकरी ‘मालक’ होता?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा : सरंजामशाहीत माणूस जमिनीला बांधलेला, भांडवलशाहीत पोटाला आणि साम्यवादात कष्टकरीच मालक. ऐकायला झकास. पण सोव्हिएत शेतकऱ्याच्या बाबतीत साफ खोटं.

रशियातली भूदासप्रथा (शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी पद्धत) १८६१ मध्ये कायद्याने संपली, तरी पुढची कित्येक दशकं शेतकरी वाट्याला आलेल्या जमिनीचे हप्ते फेडत राहिला. मग क्रांती झाली आणि १९२९ पासून सामूहिकीकरणाचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामूहिक शेतं उभारण्याचा, सपाटा सुरू झाला. १९३२ च्या अखेरीस देशांतर्गत पासपोर्ट आला. शहरात राहायचं तर तो हवाच, आणि सामूहिक शेतांवरच्या बहुतेकांना तो दिलाच नाही. तो सरसकट देण्याचा निर्णय व्हायला १९७४ उजाडलं!

मजुरीही रोख नव्हे. वहीत ‘कामदिन’ मांडायचे. सुगीनंतर आधी सरकारचा वाटा उचलला जाई, मग बियाणं बाजूला निघे, आणि उरलंसुरलं कामदिनांच्या हिशेबाने वाटलं जाई. काही उरलं नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात. घर चालायचं ते परसातल्या बटाट्यांवर आणि एखाद्या गायीवर. हमीची मजुरी आली १९६६ मध्ये.

पण म्हणून भांडवलशाहीची पाठ थोपटायचीही गरज नाही. ‘मोकळा मजूर’ ही तिचीच दवंडी, पण ब्रिटिश भारतात १८५९ च्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्याला तुरुंग दाखवला. आसामात तर १८६५ पासून पळालेल्या मजुराला पकडण्याचा अधिकार थेट चहामळेवाल्यालाच होता.