फुरा-२

जिवंत पेशीतील मुक्त कॅल्शियम आयन मोजण्यासाठी वापरला जाणारा अनुस्फुरक (प्रकाश टाकल्यावर चमकणारा) रंग. ग्रिंकिएविच, पोएनी आणि रॉजर त्सिएन यांनी १९८५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

कॅल्शियम हा पेशीचा निरोप्या आहे. स्नायूचे आकुंचन, चेतासंधीवरचा स्राव, फलन होताच अंड्यात उसळणारी लाट, हे सगळे त्याच्यामुळे घडते. शांत पेशीच्या द्रवात तो जेमतेम १०० नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा अब्जांश) असतो, बाहेर त्याच्या सुमारे दहा हजार पट. त्यामुळे पेशीपटलातले एखादे द्वार क्षणभर उघडले तरी आतली पातळी झपाट्याने चढते. हा चढ पेशी न फोडता पाहायचा असतो.

रंग आत नेण्याची युक्ती सुरेख आहे. फुरा-२ वर ऋण भार असल्याने तो पेशीपटलातून जात नाही, म्हणून ते भार एस्टर गटांनी झाकतात. आत शिरल्यावर पेशीचीच विकरे ते गट तोडतात आणि रंग आत अडकतो.

खरी कल्पकता मात्र गुणोत्तरात आहे. कॅल्शियम बांधले गेले की रंगाचे शोषण कमी तरंगलांबीकडे सरकते. पेशीवर आळीपाळीने ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात आणि दोन्ही वेळा ५१० नॅनोमीटरच्या आसपासची हिरवट चमक मोजतात. कॅल्शियम वाढले की पहिली चमक वाढते, दुसरी मंदावते. पहिलीला दुसरीने भागले की पेशीची जाडी, रंग कमी-जास्त शिरणे, त्याचे हळूहळू विटणे यांचा परिणाम बराचसा निघून जातो. काचपट्टीवरच्या पेशींवर एटीपीचा (पेशीला बाहेरून संदेश देऊ शकणाऱ्या रेणूचा) थेंब सोडला, की काही सेकंदांत हे गुणोत्तर उसळते आणि मग ओसरते.

आकडा नॅनोमोलरमध्ये हवा असल्यास अंशांकन, म्हणजे गुणोत्तराच्या दोन टोकांची मोजणी, टाळता येत नाही: आयनोमायसिन (पेशीपटलातून कॅल्शियम आत नेणारे द्रव्य) घालून रंग कॅल्शियमने पूर्ण भरायचा, नंतर ईजीटीएने (कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या द्रव्याने) तो रिकामा करायचा. रंग जास्त भरला तर तोच कॅल्शियम धरून ठेवतो आणि संदेश बोथट दिसतो. जस्ताला तर तो कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतो. त्यामुळे जस्त मोकळे होणाऱ्या चेतापेशींत टीपीईएन (जस्त पकडून ठेवणारे द्रव्य) देऊन पडताळल्याशिवाय वाढलेले गुणोत्तर कॅल्शियमचे मानू नये.

१९९७ मध्ये कॅमेलिऑन हे प्रथिनाचे दर्शक आले. ते पेशी स्वतःच तयार करते, त्यामुळे रंग भरावा लागत नाही.