गव्हाची ॲलर्जी आणि सिलिॲक: पथ्य सारखं वाटतं, मुलांचं जगणं वेगळं

“अगं, पोळीच्या एका तुकड्यानं काय होतंय? बघ, अंगावर एक गांधसुद्धा उठली नाही!” माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या बाबतीत हे मी घरच्या कार्यांत कितीदा तरी ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण डोक्यात असते गव्हाची ॲलर्जी. माझ्या लेकीला आहे सिलिॲक.

ॲलर्जी लपत नाही. गहू पोटात गेला की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. कधी श्वास अडकतो आणि ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तातडीनं द्यावं लागतं. एकदा हे पाहिलेला माणूस पुन्हा आग्रह करत नाही. शिवाय बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी मोठं होता होता जाते. ती गेली का, हे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासायचं.

सिलिॲक ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव (बार्ली) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतले मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. उंची खुंटते, पोट फुगतं, लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. त्या एका तुकड्यानं त्या दिवशी कदाचित काहीच दिसणार नाही, पण आत इजा होत असते. आणि हे पथ्य जन्मभराचं.

एक कळकळीची विनंती: सिलिॲकचा संशय असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि लागलीच तर आतड्याची बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खऱ्या ठरतात. ॲलर्जीच्या तपासण्या वेगळ्या असतात. एकीचा रिपोर्ट दुसरीबद्दल काही सांगत नाही.

स्वयंपाकघरातही फरक पडतो. पाकिटावर ‘गहू नाही’ लिहिलंय म्हणून ते सिलिॲकच्या मुलाला चालेलच असं नाही. त्यात जवाचं माल्ट असू शकतं. भारतात ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत लागतं. बांधानी हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा असतो, मेतकुटात आणि थालिपिठाच्या भाजणीत गहू असू शकतो. ज्वारी निर्धोक, पण गव्हाच्या मागोमाग त्याच गिरणीत दळली तर नाही. उपवासाचं दळण आपण जसं वेगळं दळून घेतो, तसंच लेकीचं दळण द्यायचं हे गिरणीवाल्या काकांना सांगितलं, आणि त्यांना ते लगेच कळलं.

भाकरी, भात, आंबोळी, उकडीचे मोदक असताना घरी तिचं काही अडत नाही. अडतं ते बाहेर. आणि हे अडणं मोजताही येतं. नेदरलँड्समध्ये सिलिॲकच्या मुलांच्या जीवनमानासाठी ‘सीडीडीयूएक्स’ ही प्रश्नावली तयार झाली. तिच्यात पोटदुखी मोजत नाहीत. इतरांशी आजाराबद्दल बोलताना, आजार घेऊन जगताना आणि पथ्य पाळताना मुलाला कसं वाटतं, हे विचारतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

कारण ॲलर्जीच्या मुलाच्या घरात भीती असते: चुकून काही खाल्लं तर? सिलिॲकच्या मुलाच्या वाट्याला येतं ते एकटेपण, आणि आपल्यावर कुणी विश्वास न ठेवण्याचं दुःख. वाढदिवसाला सगळ्यांच्या हातात केक आणि हिच्या हातात चिप्स. पुढे किशोरवयात, खाऊनही काही होत नाही असं वाटून, काही मुलं गुपचूप पथ्य मोडतात. त्यांना रागावण्याआधी त्या केकच्या ताटलीकडे पाहायला हवं.

म्हणून शाळेला द्यायची चिठ्ठीही वेगळी. ॲलर्जीच्या मुलाच्या चिठ्ठीत लक्षणं, इंजेक्शन कुठे ठेवलंय आणि फोन कुणाला करायचा, हे हवं. माझ्या लेकीच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलंय: डबा वाटून खायचा असेल तर तिचा चमचा वेगळा असू द्या, आणि वर्गात खाऊ असेल तर आदल्या दिवशी कळवा. मी तसाच केक तांदळाच्या पिठाचा करून देईन.