धरणावरच्या मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची हलकी होडी घेताना

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये होडी बघायला आलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतो, "किती फुटी आहे?" आम्ही उलट विचारतो, "मे महिन्यात तुमची गाडी जिथं थांबते, तिथून पाणी किती लांब असतं?"

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, गिरणा ही सगळी पाणी साठवून पुढे सोडण्याची धरणं. सप्टेंबरात पाणी रस्त्याच्या कडेला येऊन टेकतं, होडी गाडीवरून उतरवली की पाण्यात. उन्हाळ्यात त्याच जागी भेगाळलेला गाळ, त्यापुढे काळा खडक, त्यापुढे पुन्हा गुडघाभर चिखल आणि मग पाणी. तिथं ट्रॉली जात नाही, पिकअप रुतते. होडी दोघांनी उचलून न्यायची, नाहीतर खडकावरून ओढायची. रोज ओढली की तळ दोन वर्षांत झिजतो. म्हणून धरणावरच्या होडीत आम्ही सगळ्यात आधी वजन बघतो. दोन माणसांनी मधे एकदाच टेकवून पाण्यापर्यंत नेता आली तर ती होडी कामाची. आमच्या अनुभवात ही हद्द ६५ ते ७० किलोपर्यंत आहे. त्यापुढे गेलात तर तिसरा माणूस शोधावा लागतो आणि पहाटे चारला तिसरा माणूस मिळत नाही.

पत्र्याचा हिशोब

हा हिशोब कोणालाही जमतो आणि तो आला की विक्रेत्याचं बोलणं तपासता येतं. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर ॲल्युमिनियमचं वजन २.७ किलो. बाजारात पत्रा गेजवर बोलतात: १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी. बारा फुटी, चार फूट रुंद होडीला सगळा मिळून सुमारे ८ चौरस मीटर पत्रा लागतो. २ मिमीमध्ये तो झाला ४३ किलो, ३ मिमीमध्ये ६५ किलो. त्यावर काठाची पट्टी, आडव्या फासळ्या, बाकं, मोटर अडकवायचा मागचा पाट यांचे वीस-बावीस किलो धरा. म्हणजे २ मिमीची होडी ६५ किलोच्या आसपास बसते आणि ३ मिमीची ८५ च्या पुढे जाते. हाच आकार लोखंडी पत्र्यात केला तर वजन जवळजवळ तिप्पट होईल.

"पत्रा जाड तेवढी होडी मजबूत" हे अर्धंच खरं आहे. तळाचा ताठपणा जाडीइतकाच त्याला दिलेल्या घड्यांवर आणि फासळ्यांवर अवलंबून असतो. २ मिमीच्या तळाला लांबीच्या दिशेनं तीन घड्या दाबल्या आणि फूट-सव्वा फुटावर फासळी दिली, तर दोन माणसं उभी राहिली तरी तळ लपकत नाही. बघायला आलात की होडीत चढा आणि फासळ्यांच्या मधे टाच दाबून बघा. पत्रा दबून "टक्" असा आवाज करून परत आला, तर फासळ्या लांब लांब आहेत.

जाडीपेक्षा मोठा प्रश्न मिश्रधातूचा. भांड्यांचा आणि छपराचा मऊ पत्रा स्वस्त मिळतो, दिसायला सारखाच दिसतो, पण खडकावर एकदा आपटला की खड्डा तसाच राहतो. होडीला मॅग्नेशियम मिसळलेला ५०५२ किंवा ५०८३ नंबरचा पत्रा लागतो. ५०८३ जास्त ताकदीचा, समुद्रावरच्या बोटींना वापरतात, महागही आहे. गोड्या पाण्यातल्या बारा फुटी होडीला ५०५२ पुरतो आणि आम्ही तोच वापरतो. जास्त पैसे घेऊन ५०८३ गळ्यात मारण्याचं काही कारण नाही. आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. जो दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

तळ सपाट की निमुळता

सपाट तळाची होडी उथळ पाण्यात चालते. तिचा जो भाग पाण्याला टेकतो तो ३ चौरस मीटर असेल, तर दर ३० किलो वजनाला ती १ सेंटीमीटर खाली जाते. होडी ६५, दोन माणसं १४०, जाळी आणि मासळी ६०, मोटर-बॅटरी ३५ मिळून ३०० किलो झाले, म्हणजे ती १० सेंटीमीटर बुडेल. वीतभर पाण्यातसुद्धा ती निघते. जाळी ओढताना एका बाजूला झुकलं तरी चटकन कलत नाही.

पण वैतरणेसारख्या मोकळ्या पाण्यावर दुपारी वारा सुटला की सपाट तळ लाटेवर आपटत चालतो, पाणी अंगावर येतं आणि वेग कमी करावाच लागतो. तिथं पुढून निमुळता, मागे सपाट होत जाणारा तळ बरा. लाट कापतो, तरी थांबल्यावर फार डोलत नाही. दारणा किंवा मुकण्याच्या काठाकाठानं जाळी लावणाऱ्यांना मात्र आम्ही सपाटच सुचवतो.

मागच्या वर्षी इगतपुरीकडचे एक मामा होडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "हलकी आहे खरी, पण वाऱ्याला पाचोळ्यागत पळंल." त्यांचं बरोबर होतं. हलक्या होडीचा हा खरा दोष आहे. उंच बाजू म्हणजे वाऱ्याला पकडायला भिंतच. म्हणून आम्ही बाजू पन्नास सेंटीमीटरपेक्षा उंच करत नाही आणि प्रत्येक होडीबरोबर नांगराला किमान तीस मीटर दोर घ्यायला सांगतो. दोर पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट सोडला तरच नांगर धरतो, सरळ खाली टाकलेला नांगर नुसता घसरत जातो. मामांनी होडी नेली आणि जाताना आमच्या हिशोबापेक्षा दहा मीटर जास्त दोर घेतला.

वळवाच्या दिवसांत पश्चिमेकडे काळं दिसलं की काठ गाठायचा. जाळं राहिलं तर राहू द्या.

सांधे: रिव्हेट की वेल्डिंग

दोन्ही चालतं. रिव्हेटच्या होडीत पत्रा पातळ ठेवता येतो, कारण उष्णतेनं तो वाकत नाही, पण धक्क्यांनी रिव्हेट ढिले होतात आणि काही वर्षांनी तळात पाणी झिरपायला लागतं. जुनी होडी घेत असाल तर रिव्हेटच्या डोक्याभोवती काळी कड दिसते का ते बघा. रिव्हेट आतल्या आत हलतो, घासून निघालेली पूड काळी पडते, त्याची ती खूण. एकाच बाजूनं बसवायचे पोकळ पॉप रिव्हेट पाण्याखालच्या सांध्यात नकोच.

वेल्डिंगची होडी गळत नाही, पण वेल्डिंग चांगलं असलं तरच. आम्ही प्रत्येक सांधा असा तपासतो: बाहेरून खडूच्या पाण्याचा हात मारून वाळू देतो, मग आतून रॉकेल फासतो. केसाएवढी फट असली तरी पांढऱ्या खडूवर तेलकट डाग उमटतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि डोळ्यानं बघायचं, एवढंच. तुमची होडी तयार झाली की ही तपासणी तुमच्यासमोर करू, वेळ काढून या.

बाकाच्या आत काय आहे

माहितीपत्रकातला हा भाग घाईत वाचू नका, ही विनंती.

लाकडी होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहते. ॲल्युमिनियमची भरली तर तळाला जाते, कारण धातू पाण्याच्या २.७ पट जड आहे. म्हणून बाकांच्या आत फोम असावा लागतो. ६५ किलोच्या होडीचं पाण्यात बुडाल्यावरचं वजन ४१ किलो राहतं. त्यात मोटरचं वजन आणि काठाला धरून राहिलेल्या दोन माणसांचा भार मिळवा. १ लिटर फोम जवळजवळ १ किलो पेलतो. म्हणून आम्ही बारा फुटी होडीत १०० लिटरपेक्षा कमी फोम भरत नाही. तो बाकांत आणि दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला बसवतो. नुसता तळाशी भरला तर होडी तरंगेल, पण उलटी होऊन.

आमच्याच सुरुवातीच्या एका होडीत आम्ही थर्माकोल भरला होता. चार वर्षांनी ती दुरुस्तीला आली. बाकाची झाकणपट्टी काढली, तर ठोकळ्यांच्या जागी पिवळट चिकट थर आणि कोपऱ्यात ओला भुगा. मोटरचा पेट्रोलचा कॅन त्याच बाकाखाली ठेवत होते, थोडं थोडं सांडत होतं आणि थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. होडी रोज पाण्यात जात होती, मालकाला वाटत होतं ती बुडणार नाही आणि आत काहीच उरलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही पाणी न शोषणारा पॉलिइथिलीनचा फोम वापरतो आणि प्रत्येक बाकाची पट्टी स्क्रूनं उघडता येईल अशीच करतो. दर वर्षी पावसाळ्याआधी उघडून बघा. कोणाचीही होडी घेतलीत तरी "बाक उघडून दाखवा" असं म्हणा.

लाइफ जॅकेट प्रत्येक माणसाला एक, आणि ते अंगात. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट वेळेला हाताशी येत नाही. बारा फुटी होडीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत, जाळी असली तर दोनच.

मोरचूद, कॉस्टिक आणि ओला गाळ

गोड्या पाण्यात चांगलं ॲल्युमिनियम वीस-पंचवीस वर्षं सहज टिकतं, रंग नसला तरी. त्याला खरा त्रास तांब्याचा, आणि मोरचुदात तांबंच असतं. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे खास सांगतो, कारण शेडमध्ये होडीशेजारी बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा, ड्रम असतोच. आमच्याकडे आलेल्या एका होडीच्या तळाला सुईनं टोचल्यासारखी आठ-नऊ भोकं होती. पिकअपमध्ये तिच्याखाली मोरचुदाची फाटकी गोणी राहिली होती, त्यावर पावसाचं पाणी पडलं आणि पत्रा खाल्ला गेला. मोरचूद, चुना, सिमेंट, कॉस्टिक सोडा यांपासून होडी लांब ठेवा. नवीन होडीची पूजा जरूर करा, नारळ फोडा, पण तांब्याचं नाणं किंवा पितळी कडी पत्र्यावर ठोकू नका. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि मधे नायलॉनची वॉशर घाला.

तळावर टाकलेल्या फळीखाली ओला गाळ आणि पाला साठू देऊ नका. त्या ओलीत पत्रा आतून कुजत जातो आणि वरून दिसत नाही. आठवड्यातून एकदा फळी काढून साध्या पाण्यानं धुवा, होडी उलटी करून वाळवा. तळाशी रबरी मॅट घातली तर खडखड कमी होते, मासळी बिचकत नाही, मे महिन्यात पायही भाजत नाहीत. मॅट मात्र चिकटवायची नाही.

मोटर

दोन माणसांच्या होडीला २ ते ५ हॉर्सपॉवरची मोटर पुरे. मागचा पाट किती उंच आहे ते आधी मोजा. आमच्या होड्यांचा पाट १५ इंची, म्हणजे आखूड शाफ्टची (पंख्यापर्यंतच्या दांडीची) मोटर लागते, २० इंची शाफ्टची घेतली तर पंखा गाळात रुततो. बॅटरीवरची १२ व्होल्टची मोटर शांत चालते, गळ टाकणाऱ्यांना ती आवडते. पण १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी जवळजवळ ३० किलोची असते आणि पूर्ण वेगात तासभरात अर्धी संपते. वल्ही कायम बरोबर ठेवा.

गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं. कुठल्याही धरणावर मोटर लावण्याआधी जलसंपदा विभागाला विचारा, मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते पक्कं करा. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी लागते. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. तिथं मासेमारीसाठी कोणी होडी मागितली तर आम्ही ती विकत नाही. अनुदान घ्यायचं असेल तर आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा, मंजुरीनंतरच ऑर्डर द्या.

प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यासाठीही आमची होडी घेऊ नका. तिच्या कडेनं कागद फाटतो आणि तो बदलण्याचा खर्च होडीपेक्षा जास्त येतो. तिथं रबरी किंवा प्लास्टिकचा तराफा ठीक.

येताना तीन गोष्टी घेऊन या: जाळ्याचं वजन, गाडीच्या हौद्याची लांबी-रुंदी आणि तुमच्याबरोबर रोज पाण्यात जाणारा जोडीदार. होडी रिकामी जमिनीवर ठेवलेली असते. दोघांनी मिळून ती उचला, वर्कशॉपच्या फाटकापर्यंत न्या आणि परत आणा. मग किमतीचं बोलू.