ओली पऱ्हाटी आणि स्लो पीसी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागतं आणि जुन्या पीसींत बहुतेक ते नसतं. तेव्हापासून परभणीत आमच्याकडे एकच वाद: नवा पीसी घ्यायचा, की आहे त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची? वाद नवा वाटतो, पण त्यातल्या चुका फार जुन्या आहेत.

डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथे आग आहे, जशी चुलीत असते, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचं, ठरलेलं उदाहरण. उलट केलं की ते फसतं. लालबुंद लोखंडात आग असते, धूर नसतो. धुराला सरपण ओलं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. चूल फुंकणाऱ्या आमच्या आजीला हे पोथी न वाचता कळायचं: वाळली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, भडाभडा पेटते, भिजली की डोळे चोळायला लावते. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी तर गणेशाच्या हातातल्या परशूलाच तर्क म्हटलं. ॲरिस्टॉटलनेही ही चूक टिपली होती: पावसाने जमीन ओली होते, म्हणून जमीन ओली दिसली की पाऊस पडलाच असं नाही.

माझा पीसी स्लो झाला तेव्हा दुकानदार म्हणाला, "व्हायरस असला की असंच होतं भाऊ, विंडोज नव्याने मारून देतो." आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. शेवटी हार्डडिस्क तपासली, तर बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचाच काही भाग खराब.

१९९२च्या जानेवारीत संगणकशास्त्राचे प्राध्यापक ॲन्ड्र्यू टॅननबॉम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचं जाहीर केलं, कारण मायक्रोकर्नलची (सिस्टिमचा गाभा लहान ठेवून बाकी कामं बाहेर काढायची) रचना सरस. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने रचनेचा मुद्दा बराचसा मान्य केला, पण लिनक्स आज हाताशी आहे, हे ठणकावलं. माझ्या मते दोघांच्या प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायची विधानंच, वेगळ्या होत्या: एकाची 'रचना सरस', दुसऱ्याची 'आज उपयोगी'. मग कोण कुणाला हरवणार?

आता लिनक्सवाली पोरं म्हणतात, जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, मग तुमच्या पीसीला काय धाड भरली? आकडा २०१७पासून खरा आहे. मीही लिनक्सच वापरतो. पण सुपरकॉम्प्युटरवर कुणी टॅली उघडत नाही, की जुन्या फॉन्टातला मराठी अर्ज छापत नाही. म्हणून कुणी सल्ला विचारला की मी आधी त्याचा प्रिंटर कोणता ते विचारतो.