रोहू आणि कतला: पौष्टिक कोणता?

इंदूरच्या मासळी बाजारात बर्फावर अख्खे मांडलेले रोहू आणि कतला ओळखणे अवघड नाही. कतल्याचे डोके अंगाच्या मानाने भलेमोठे, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वरच्या दिशेने उघडणारे असते. रोहूचे डोके लहान, तोंड किंचित खाली वळलेले, ओठांना बारीक झालर आणि खवल्यांवर तांबूस झाक असते. घोटाळा होतो तो खवले काढून तुकडे केल्यावर, आणि मग ‘कतला ताकदीचा, रोहू पचायला हलका’ अशी विधाने विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही बिनदिक्कत करतात.

प्रथिनांपुरते पाहिले तर या वादात दम नाही. 100 ग्रॅम कच्च्या मांसात दोहोंमध्ये साधारण 16 ते 20 ग्रॅम प्रथिने आणि बहुधा 1 ते 3 ग्रॅम चरबी असते. वय, हंगाम आणि खाद्य यांमुळे एकाच जातीच्या दोन माशांतही एवढा फरक सहज पडतो. कतला पाण्याच्या वरच्या थरातील प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, गाळून खातो, तर रोहू मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पतींवर जगतो. म्हणूनच दोघांना एकाच तळ्यात वाढवता येते. मात्र तळ्यात भाताचा कोंडा आणि तेलबियांची पेंड यांवर वाढवले, की दोघांच्याही चरबीत हृदयाला हितकर ओमेगा-3 च्या मानाने ओमेगा-6 या मेदाम्लाचे प्रमाण वाढते. त्यामुळे मासा कोणता, यापेक्षा तो गांधी सागरसारख्या जलाशयातला आहे की आंध्र प्रदेशातील तळ्यातला, हे विचारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मध्य प्रदेशातील नद्या आणि जलाशयांत 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तर हा प्रश्न विचारावाच.

खरा फरक वजनकाट्यावर दिसतो. अख्खा कतला घेतला तर पैशांचा मोठा वाटा डोक्यात जातो, आणि डोक्याचा रस्सा ज्या घरात कोणी खात नाही तिथे रोहू स्वस्त पडतो. तुकडे निवडताना पोटाकडचा तुकडा अधिक चरबीचा आणि म्हणून चविष्ट, पाठीचा कोरडा, तर शेपटीकडचा बारीक काट्यांनी भरलेला असतो; हे दोन्ही माशांना सारखेच लागू आहे.

कॅल्शियमसाठी यांपैकी कोणताही मासा घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते मुख्यतः काट्यांत असते आणि काटे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी मासळी या बाबतीत दोघांच्याही कितीतरी पुढे आहे. हृदयासाठी ओमेगा-3 किंवा आहारातून आयोडीन हवे असेल, तर बांगडा आणि तारली या समुद्री माशांची सर रोहूलाही नाही आणि कतल्यालाही नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे या गोड्या पाण्यातल्या माशांना नाक मुरडणे तेवढ्यापुरते रास्त मानावे लागेल.