तांदूळ जुना असला म्हणून सुवासिक होत नाही

सुवासिक तांदूळ आणि जुना तांदूळ लोक सर्रास एकच धरतात, "जितका जुना तितका वास भारी" वगैरे. केमिस्ट्री बघाल तर प्रकरण जवळजवळ उलटं आहे.

आधी सुवास. बासमती असो की जास्मिन, त्या वासात कितीतरी रेणू असतात पण मुख्य काम एकाचंच, टू-अ‍ॅसिटाइल-वन-पायरोलिन, शॉर्टमध्ये टूएपी. अमेरिकेत रॉन बटरी आणि त्यांच्या टीमने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भातात तो ओळखला. पाण्यात एक अब्जात ०.१ भाग एवढा जरी असला तरी नाकाला कळतो! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की हा वास येतो एक जीन बंद पडल्यामुळे. साध्या तांदळात आठव्या क्रोमोसोमवरचा बीएडीएच२ हा जीन नीट चालतो, त्याचं एन्झाइम गॅमा-अमिनोब्युटिरल्डिहाइड नावाच्या पदार्थाचं गाबा या दुसऱ्याच पदार्थात रूपांतर करून टाकतं, विषय संपला. बऱ्याच सुवासिक जातींत मात्र या जीनच्या कोडमधली ८ अक्षरं गळालेली असतात त्यामुळे चालणारं एन्झाइम मिळत नाही, मग तो पदार्थ साठत जातो, त्याची रिंग होऊन पायरोलिन बनतं आणि त्यातून टूएपी. हे सगळं पीक शेतात उभं असतानाच चालू असतं, पानांतसुद्धा. टूएपी हा उडून जाणारा रेणू, त्यामुळे तांदूळ पोत्यात पडून राहिला की टूएपी कमीच होत जातो.

आता जुनेपणा. तांदूळ ठेवून दिला की दाण्यातल्या स्टार्च आणि प्रोटीनमध्ये बदल होतात, दाणा कडक होतो, शिजताना जास्त पाणी पितो, जास्त फुगतो आणि भात मोकळा होतो. हा फायदा खरा आहे, पण तो टेक्श्चरचा. वासाचं बघाल तर दाण्याला चिकटून राहिलेल्या कोंड्यात चरबी असते, तिच्यातलं लिनोलिक अ‍ॅसिड हवेतल्या ऑक्सिजनमुळे तुटतं आणि हेक्सॅनल बनतं. हेक्सॅनल थोडं असेल तर हिरव्या गवतासारखं लागतं, वाढलं की तोच तो शिळा, खवट वास. ब्राउन राईसवर कोंडा पूर्ण असतो म्हणून तो लवकर खवट होतो.

गोंधळ होतो कारण बासमती मुद्दाम जुना करून विकतात. भात लांब, मोकळा आणि वर सुगंधीही, मग सगळं क्रेडिट वयाला जातं. पण सुगंध जातीचा आहे, बिनवासाचा तांदूळ कितीही वर्षं ठेवा, टूएपी येणार नाही.

वास टिकवायचा असेल तर हवाबंद डबा, थंड जागा. आणि शिजवण्याआधी भिजवा, भात लवकर शिजतो आणि वाफेबरोबर टूएपी कमी उडतो.